जुनी जीप आणि नवी हौस



खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्याकडील एका वाडीतून दोन आठवड्यांपूर्वी आलेले एक पत्र माझ्या मेजावर पडून आहे. लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप त्यांच्या दारात अद्याप उभी आहे. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत तीन मैलांची वाट कच्ची असून पावसाळ्यात तीवर दुसरे वाहन चालत नाही. काजूची पोती, खताच्या गोण्या, शाळेची मुले आणि अडल्यानडल्या शेजाऱ्यांचे आजारी माणूस, सर्वांची भिस्त त्या जीपवर आहे. मागील श्रावणात त्यांच्या मातोश्रींना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा ओढ्यापलीकडच्या चढावर जीप दोनदा मागे घसरली. ती गोष्ट ऐकून आखातात नोकरीस असलेल्या धाकट्या बंधूंनी पैसे पाठविण्याचे कबूल केले आहे. डिझेल इंजिन बसवावे, मोठे टायर घालावेत आणि जीप चार इंच उंच करावी, असा त्यांचा आग्रह आहे. मातोश्री मात्र म्हणतात, "तुझ्या बापाने ठेवली तशीच असू दे." पत्रलेखक विचारतात, "फादर, कोणाचे ऐकावे?"

मी अभियंता नव्हे. परंतु अशाच एका जीपने मी पुष्कळ वर्षे गावोगाव हिंडलो आहे आणि तिच्यापायी बराच शहाणपणा विकत घेतला आहे. तेव्हा जे ठाऊक आहे ते सांगतो.

प्रथम ही गाडी कोणत्या जातीची ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी जीप गाड्या बनविल्या. युद्धानंतर विलिसने शेतकऱ्यांसाठी तिची मुलकी आवृत्ती काढली. १९५३ साली सीजे-३बी हा नमुना आला. त्याचे नवे इंजिन अधिक उंच असल्यामुळे बॉनेटही उंच करावे लागले; आपल्याकडील जुन्या जीपचे ते उंच कपाळ तेथून आलेले आहे. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जोडणी आरंभिली आणि पुढे हाच उंच कपाळाचा घाट आपल्या देशात कित्येक दशके टिकून राहिला. पत्रातील वर्णनावरून वाडीवरची जीप याच कुळातली दिसते.

आता इंजिनाचे बळ चाकापर्यंत कसे पोहोचते ते समजून घेतले पाहिजे, कारण सर्व खर्चाची किल्ली तेथेच आहे. या जीपचे सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे इंजिन फार बलवान नाही. पण त्याच्या मागे तीन पायऱ्या आहेत. गिअरबॉक्सचा पहिला गिअर बळ सुमारे २.८ पट करतो. त्यानंतरची ट्रान्सफर केस, म्हणजे जिच्यातून चारही चाकांना जोर वाटला जातो ती पेटी, लहान गिअरात आणखी २.४६ पट करते. शेवटी अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियन ५.३८ पट करतो. या तिन्हींचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते, आणि घर्षणात वाया जाईल ते सोडले तर पिळाचे बळ ३७ पट होते. उतारावर हाच हिशेब उलटा लागू पडतो. चाकाने एक फेरी घ्यायची तर त्याला इंजिन ३७ वेळा फिरवावे लागते. म्हणून जाणता चालक घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न बसता लहान गिअर घालतो.

हा गुणाकार ध्यानात ठेवून मोठ्या टायरांचा विचार करा. मूळचा ६.००-१६ मापाचा टायर सुमारे २८ इंच व्यासाचा असतो. हौसेने घालतात तो ७.५०-१६ सुमारे ३२ इंचांचा. अ‍ॅक्सल चार इंचांच्या निम्म्याने, म्हणजे दोन इंच वर जातो. तेवढे दगड खालून निसटतात, हा लाभ खरा आहे. परंतु चाक मोठे झाल्याने ३७ पटीचे बळ रस्त्यावर जणू ३२ पटीचेच उरते. इंजिनाचा रोध त्याच प्रमाणात घटतो आणि ब्रेकलाही तितकेच अधिक बळ लावावे लागते. वेगदर्शक काटाही खरा वेग दाखवीत नाही. तो ४० सांगतो तेव्हा गाडी सुमारे ४६ ने धावत असते. चढावर मागे घसरणाऱ्या जीपला नुसते मोठे टायर घालणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकणे होय. दोनदा घसरली ती बळ कमी पडून की टायरची नक्षी झिजून, हे आधी पाहा. चाके जागच्या जागी गरगर फिरली असतील तर दोष टायरच्या नक्षीचा आहे. इंजिन गुदमरून बंद पडले असेल तरच तो बळाचा.

येथे मला माझी फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या जीपच्या मागल्या अ‍ॅक्सलचे दात खाल्ले गेले. एका गॅरेजात जुन्या बाजारातून आणलेला तसाच दिसणारा अ‍ॅक्सल बसवून मिळाला. पैसे वाचले म्हणून मी खूश झालो. त्याचा क्राऊन-पिनियन ४.८८ चा होता आणि पुढचा मात्र मूळचा ५.३८ चा, हे मला कोणी सांगितले नाही व मीही विचारले नाही. डांबरावर मागची दोनच चाके ओढत असल्याने काही कळले नाही. चिखलात चारही चाके जोडली तरी ती घसरून आपला हिशेब जुळवीत. मग एके दिवशी कातळाच्या चढावर मी चार चाकांचा गिअर घातला. पुढची चाके एका वेगाने जाऊ पाहत होती, मागची दुसऱ्या, आणि कोरड्या दगडावर कोणालाच घसरता येईना. दांडा अडकून बसला. मी अडाणीपणाने आणखी जोर दिला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस कडकन तुटला. सोबत एक म्हातारे आजोबा व दोन लहान मुले होती. जीप तेथेच उभी राहिली म्हणून बरे. उतारावर असतो तर हा लेख लिहावयास मी कदाचित नसतो.

सबब पहिला नियम असा की पुढचा व मागचा क्राऊन-पिनियन एकाच प्रमाणाचे असले पाहिजेत. बदलायचे तर दोन्ही बदलावेत. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सपाट जागी गाडीच्या इतर चाकांना दगड लावा, गिअर मोकळा करा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. ते हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा व प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. पाच फेऱ्या आणि वर एकतृतीयांशाहून थोडे अधिक भरले तर प्रमाण ५.३८. पाच फेऱ्यांना जरा कमी पडले तर ४.८८. मग तेच पुढच्या चाकावर करा. मात्र तेव्हा चार चाकांचा दांडा सुटा असला पाहिजे, आणि पुढच्या चाकांना कुलुपी हब असतील तर ते लावलेले असावेत. पाच मिनिटांच्या या कामाने माझे काही हजार रुपये वाचले असते. आणि प्रमाण जुळत असले तरी कोरड्या डांबरावर चार चाकांचा गिअर घालू नये. या जीपला पुढच्या-मागच्या चाकांतील फरक सामावून घेणारी मधली योजनाच नाही. वळणावर सारा ताण शाफ्टवर येतो.

आता डिझेल इंजिनाविषयी. ही कल्पना वेडेपणाची नाही. महिंद्र कंपनीने स्वतःच पुढील काळात प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन बसवून एमएम-५४० सारख्या जीप काढल्या. डिझेल इंजिन मंद फेऱ्यांतही चांगले ओढते आणि इंधन कमी खाते. परंतु ते जड असते, हादरे अधिक देते आणि पेट्रोल इंजिनाइतक्या फेऱ्या मारीत नाही. ५.३८ च्या अ‍ॅक्सलवर साठ किलोमीटरच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २४५० फेऱ्या मारते, ऐंशीला ३२०० च्या वर. मंद डिझेल इंजिनाला ते सोसत नाही. म्हणून पुढचे-मागचे दोन्ही क्राऊन-पिनियन बदलावे लागतात. इंजिन जड म्हणून पुढचे पाटे बदलावे लागतात. जोर अधिक म्हणून क्लच आणि बहुधा गिअरबॉक्सही. असा एका कामातून दुसरा खर्च निघत जातो, आणि धाकट्या बंधूंनी धरलेला आकडा अर्ध्या वाटेवर संपतो.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ साली केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. इंजिन बदलले तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. नोंदणीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याच्या दारात उभे राहणे कठीण जाईल.

तिसरी हौस उंचीची. जीपला पुढेमागे कमानीसारखे पोलादी पाटे आहेत. उंची वाढविण्यासाठी कोणी पाटे वाढवितात, कोणी जाड पाटे घालतात. पाट्याची जाडी सव्वापट केली तर त्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. पोती भरलेली असताना ते ठीक. परंतु रिकाम्या जीपमध्ये मागे निजविलेल्या आजारी माणसाचे काय हाल होतील ते मातोश्रींना विचारा. शिवाय ताठ पाट्यांमुळे चाक खड्ड्यात उतरत नाही, अधांतरी राहते, आणि अधांतरी चाक ओढीत नाही. कोणी स्वस्तात शॅकल लांब करतात. दोन इंच लांब केले तर गाडी एकच इंच उचलली जाते, पण पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बदलून स्टिअरिंग सैरभैर होते. ते सावरण्यास अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये फाचर मारावी लागते. गाडी उंचावली की आखूड प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होऊन क्रॉस लवकर झिजतात, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात.

सर्वांत मोठा धोका कलंडण्याचा. या जीपच्या दोन चाकांतील अंतर सुमारे ४८ इंच, म्हणजे मध्यापासून एका बाजूस २४. समजा, गाडीचा भार जमिनीपासून २४ इंचांवर एकवटला आहे; तर उभी गाडी ४५ अंश कलली की उलटेल. तोच भार चार इंच वर नेला की ४१ अंशांच्या आतच ती उलटते. चालत्या गाडीत वळण, खड्डा आणि टपावरचे ओझे यांमुळे ही मर्यादा पुष्कळच खाली येते. तुमच्या ओढ्याकाठची वाट एका अंगाला कललेली आहे, असे तुम्हीच लिहिले आहे.

मग काहीच करू नये काय? तसे नव्हे. एका वृद्ध मिस्त्रींनी मला जो क्रम शिकविला तोच तुम्हांला देतो. माझी मोडलेली जीप तपासताना ते म्हणाले, "फादर, चढते किती ते मागाहून बघू. आधी थांबते किती ते दाखवा." म्हणून पहिला पैसा ब्रेकवर. या जीपचे मूळचे नऊ इंची ड्रम व चारही चाकांना मिळून एकच तेलाची वाट, ही योजना आजच्या मानाने दुबळी आहे. एक नळी फुटली की सारे ब्रेक जातात. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर आणि अकरा इंची ड्रम बसविता येतात. दुसरा पैसा स्टिअरिंगचे सांधे आणि किंगपिनच्या बेअरिंगवर. तिसरा पाट्यांवर: ते उतरवून गंज काढावा, तुटलेले पान बदलावे, बसलेल्या पाट्यांना पुन्हा मूळची कमान द्यावी, नवे बुश व चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालावेत. पुष्कळ जीप यानेच एक-दोन इंच उचलतात, कारण तेवढ्या त्या वयाने खचलेल्या असतात. चौथा पैसा चिखलाला योग्य अशा खोल नक्षीच्या, मूळ मापाच्या टायरांवर. पाचवा जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीवर. एवढे करून एक पावसाळा काढा. त्यानंतरही बळ कमी वाटले तर डिझेलचा विचार रीतसर परवानगीने करा.

आता कोणाचे ऐकावे? धाकट्या बंधूंना कळवा की त्यांचे पैसे जीपवरच लागतील, मात्र आधी दिसणार नाहीत अशा जागी. दूरदेशी राहून आई रात्री वेळेवर पोहोचेल की नाही या काळजीने ज्याची झोप उडते, त्याच्या मायेला हौस म्हणून हिणवू नका. आणि मातोश्रींना सांगा की जीप बाबांनी ठेवली तशी आज राहिलेलीच नाही. तिचे पाटे खचले, ब्रेक झिजले. तिला पुन्हा बाबांच्या वेळेसारखी करणे, हेच पहिले काम आहे.

ब्रेकचे काम झाले की प्रथम रिकामी जीप घेऊन दिवसाउजेडी ओढ्यापलीकडच्या त्याच चढावर जा. लहान गिअर घाला, अर्ध्यावर थांबवा, आणि ती जागची हलते का ते पाहा. हलली नाही तर मला पत्र टाका. मी पाहावयास येईन. चढ सुरू होतो तेथवर मात्र चालतच येईन.