कॅसेट उरते, चिप बोलत नाही

अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रे आहेत. मोडी जाणणारे कमी झाले, तरी लिपी शिकून कागद पुन्हा वाचता येतो. संगणकीय वारशाचे तसे नाही. तिथे मजकूर आणि तो वाचणारा, दोघेही काळ्या चिपमध्ये बंद असतात.

नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ आठवावी. निन्टेन्डोच्या १९९०च्या सुपर फॅमिकॉमचा मुख्य प्रोसेसर जेमतेम साडेतीन मेगाहर्ट्झचा. त्रिमितीचे गणित त्याला झेपत नसे, म्हणून काही कॅसेटमध्येच मदतनीस चिप बसवली जाई. ‘पायलटविंग्ज’मध्ये डीएसपी-१, ‘स्टार फॉक्स’मध्ये सुपर एफएक्स.

आज हे खेळ इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालतात. पण डीएसपी-१च्या आतला प्रोग्राम बाहेरून वाचता येत नसे. त्यामुळे अनेक वर्षे अंदाजानेच नक्कल झाली. अखेर हौशी अभ्यासकांनी चिपचे आवरण आम्लाने विरघळवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतला प्रोग्राम वाचला. अंदाज का पुरत नाही? या चिपच्या पुढच्या आवृत्तीत गणिताची एक चूक दुरुस्त झाली आणि ‘पायलटविंग्ज’च्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकातले विमान उतरताना कोसळू लागले! खरी नक्कल चुकांसकटच करावी लागते.

कायदा मात्र मागे आहे. जुने खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. त्याच वेळी वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची सवलत मात्र कायम ठेवली. आपल्या १९५७च्या कायद्यातील कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देते, पण मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. जन्मानेच डिजिटल असलेल्या खेळाला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न केवळ खेळांचा नाही. फुप्फुसात भरीव गाठ दिसली की डॉक्टर आधी जुना सीटी स्कॅन मागतात. दोन वर्षांत ती वाढली नसेल, तर बहुधा धोका नसतो. जुनी सीडीच उघडली नाही, तर रुग्णाच्या वाट्याला पुन्हा तपासण्या, खर्च आणि घोर येतो. डायकॉम हे प्रमाण खुले असल्याने अशा प्रतिमा कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर वाचता येतात. म्हणून यंत्र खरेदी करतानाच रुग्णालयांनी खुल्या नोंदींचा आग्रह धरावा. रुग्णांनीही अहवालासोबत सीडीची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी.