देयकाच्या खिडकीवरचा पाहुणा

मुंबईहून पुण्याकडे निघालेला द्रुतगती मार्ग खालापूरचा पथकर नाका ओलांडतो आणि खोपोलीजवळ बोरघाटाला भिडतो. या टापूत एखादे वाहन उलटले की मदतीला धावून जाणाऱ्यांत खोपोलीचे स्वयंसेवक असतात. मध्यरात्री, भर पावसात दरीत उतरणारी ही मंडळी जखमीला ना जात विचारतात ना गाव. पारपत्र कुठले विचारणार! प्रश्न सुरू होतात ते पुढे, रुग्णालयाच्या देयकाच्या खिडकीवर.

माथेरानला किंवा कर्जतजवळची कोंढाण्याची लेणी पाहायला आलेला परदेशी पाहुणा या मार्गावर जखमी झाला, तर त्याच्या खिशात बहुधा प्रवास विम्याचे कागद असतात. पण त्या कागदांवर पैसे लगेच मिळत नाहीत. विमा कंपनीच्या वतीने काम पाहणारी साहाय्य संस्था वैद्यकीय अहवाल, खर्चाचा अंदाज आणि पारपत्राची प्रत मागते. मग हमीपत्र येते. खोपोलीत सकाळचे दहा वाजलेले असताना न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचा सुमार असतो. तोवर रुग्णालय अनामत मागते आणि बेशुद्ध माणसाचे नातलग सातासमुद्रापलीकडे असतात.

रुग्णालयांची भीती अगदीच निराधार नाही. पाहुणा एकदा विमानात बसला की थकलेली रक्कम वसूल करायची कुठून? तथापि, जखमीवर आधी उपचार आणि मग बाकीचे सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात बजावले आहे. शिवाय मे २०२५मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनाच्या अपघातात सापडलेल्या कोणाही व्यक्तीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळण्याची तरतूद तीत आहे. ‘कोणाही’ या शब्दाला नागरिकत्वाची अट नाही.

मात्र डोक्याला गंभीर इजा झाली असेल, अतिदक्षता विभागात राहावे लागले, तर दीड लाख किती दिवस पुरणार? ते संपतात तिथे प्रवास विम्याचा भार सुरू व्हायला हवा, आणि नेमका हाच सांधा कोणी सांभाळत नाही. रुग्णालयातील परदेशी नागरिकाची माहिती शासनाला कळवायची असते, ती जबाबदारी वेगळीच. पोलिसांचा पंचनामा, वकिलातीला निरोप, बाबवार देयक, पारपत्राशी जुळणारे नाव असलेले घरी सोडल्याचे पत्र; यातले एक राहिले की परतफेडीचा दावा अडकतो. ‘उपचार खर्च एकूण’ अशी एका ओळीची पावती परदेशी विमा कंपनीपुढे निरुपयोगी ठरते.

यावर उपाय शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेने अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसवला. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या ठाकूर वा कातकरी कुटुंबाला शिधापत्रिका कुठे दाखवायची, मंजुरी कशी घ्यायची, हे सांगणारा तो माणूस. कागदांच्या जंगलात जर्मनीचा पर्यटक आणि कर्जतचा कातकरी सारखेच हतबल असतात, ही गंमत खरी तर खेदाची आहे.

द्रुतगती मार्गावरचे जखमी जिथे नेले जातात, त्या खोपोली ते पनवेल पट्ट्यातील रुग्णालयांत प्रत्येक पाळीला असा एक प्रशिक्षित मित्र असावा. त्याला इंग्रजी पत्रव्यवहार जमावा, रोकडरहित योजनेची प्रक्रिया ठाऊक असावी आणि रात्री दोन वाजता साहाय्य संस्थेशी बोलण्याचा अधिकार असावा. खर्चाचा अंदाज लेखी देण्याची सवय त्याच्यामुळे लागली, तर आपल्याकडच्या विमाधारकांचीही सोय होईल. परदेशी रुग्णासाठी वेगळे, चढे दर लावण्याची काही ठिकाणची प्रथा असा माणूस समोर बसल्यावर फार काळ टिकणेही अवघड होईल.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने हा विषय पुढील बैठकीत घ्यावा आणि प्रारंभ खालापूरपासून करावा. घाटात पावसाळा दरवर्षी येतो. त्याआधी निदान एका रुग्णालयाच्या खिडकीमागे ही खुर्ची भरलेली असावी.