इंजिनाच्या पाटीवरील नावे

कला शाखेच्या विद्यार्थ्याला रेल्वेच्या इंजिनाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळच आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. तिचे उद्घाटन केले मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी. पुढे घाटातील मालगाड्यांसाठी आलेल्या एका विद्युत इंजिनाला त्यांचेच नाव मिळाले. १९३० पर्यंत तार बोरघाट चढून पुण्यास पोचली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. प्रवासी गाड्यांसाठी विलायतेहून जी इंजिने आणली, त्यांपैकी एकास दुसऱ्या गव्हर्नरांचे, सर रॉजर लुम्ले यांचे नाव दिले गेले. ही दोन्ही इंजिने आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहेत.

हा दोष केवळ साहेबाचा नव्हे. सोव्हिएत रशियात १९३४ साली खास प्रवासी गाड्यांसाठी जे विद्युत इंजिन बनले, त्याच्या नावातील अक्षरे 'पॉलिटब्यूरो'ची होती. कामगारांच्या राज्यातही पाटी सत्ताधीशांचीच!

१९६१ साली चित्तरंजनच्या कारखान्यात भारतीय बनावटीचे पहिले विद्युत इंजिन तयार झाले. त्याचे नाव 'लोकमान्य'. मराठी मनास अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु ते चालविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांची नावे तेव्हाही पाटीवर आली नाहीत. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. तेथे गाडी वर नेण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. पुढे बसलेल्या प्रवाशास ती दिसतही नाहीत. या माणसांचेही तसेच झाले आहे.

कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ साली, विजेची तार मात्र अगदी अलीकडे. खांब रोवणारे, तारा ओढणारे, डिझेल सोडून विजेच्या इंजिनावर हात बसविणारे लोक अजून आपल्या आसपास आहेत. त्यांना आठवते ते सारे कोठल्याही दप्तरात सापडणार नाही. इतिहास आणि मराठी विभागांनी मिळून सुट्टीत या मंडळींना गाठावे, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत टिपाव्यात आणि या वार्षिकाने त्यासाठी दरवर्षी चार पाने राखावीत. इंजिनाची पाटी बदलणे आपल्या हाती नाही. ही चार पाने मात्र आहेत.