अक्षरांना टोपी नको

गेल्या वर्षी आमच्या वर्गाला 'राष्ट्रीय एकात्मता' या विषयावर भित्तिचित्र करावयाचे होते. मी काही तमिळ अक्षरे घेतली आणि त्यांच्या डोक्यावर देवनागरीची शिरोरेषा ओढून दिली. दोन लिप्या एका रेषेत बांधल्या, म्हणून मी स्वतःवर खूष होतो. धारावीत वाढलेला माझा एक तमिळ वर्गमित्र चित्रासमोर थांबला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "आमच्या अक्षरांना टोपी घातलीस की रे!" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण ते वाक्य मनात रुतून बसले.

त्याचे म्हणणे खरे होते. १९६५ साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध मद्रास राज्य पेटले होते. माणसे प्राणांना मुकली होती. त्या भूमीतल्या अक्षरांवर नागरीची रेघ ओढणे ही मैत्री नव्हे, मालकी झाली.

मग मी ग्रंथालयात बसून दोन्ही लिप्यांची कुळकथा वाचली. तमिळ आणि हिंदी या भाषा वेगळ्या कुळांतल्या. लिप्या मात्र एकाच आजीच्या नाती. ती आजी म्हणजे अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. ब्राह्मीतला 'क' म्हणजे साधे अधिकचे चिन्ह. त्या उभ्या-आडव्या रेघा दोन्हींच्या 'क'मध्ये आजही सापडतात. तमिळ 'प' म्हणजे वरून उघडी चौकट. आपल्या 'प'ची शिरोरेषा आणि खाली लोंबणारा दंड झाकून पाहावा, तेच भांडे उरते. वर्णक्रमही तोच. तमिळने प्रत्येक वर्गातले पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे ठेवले: क-ङ, च-ञ, ट-ण, त-न, प-म. प्रमाण हिंदीला परका असलेला 'ळ' तर आपल्याप्रमाणे त्यांच्याही घरचा.

म्हणून माझे मत असे, की चित्रकाराने नाते लादू नये. असलेले नाते दाखवावे. नागरी अक्षर रेषेला लटकते, तमिळ अक्षर जमिनीवर बसते. दोघांची ही बैठक न मोडता रेघेची जाडी, आतली पोकळी आणि उंची यांचा मेळ घालता येतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त' या अक्षरकुटुंबात नागरी आणि तमिळ अशाच शेजारी वसवल्या आहेत.

कोणी म्हणेल, साऱ्या देशाला एकच लिपी का नको? विनोबांनीही सर्व भारतीय भाषांसाठी नागरी सुचवली होती. पण त्यांचा आग्रह 'नागरीच'चा नव्हता, 'नागरीही'चा होता. त्या एका 'ही'मध्ये सारी सभ्यता आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात राजराजाचे तमिळ लेख आहेत आणि १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेखही आहे. एकाला जागा देण्यासाठी दुसरा कोणी खरवडला नाही.

मी ते भित्तिचित्र पुन्हा केले. मधोमध ब्राह्मीचा 'क', उजवीकडे नागरी, डावीकडे तमिळ. तमिळ 'क' मात्र मित्राकडून काढून घेतला. तो काढताना त्याने मला रेघ कोठून सुरू होते ते दाखविले. आता मला त्यांची दहा-बारा अक्षरे वाचता येतात. एकात्मतेसाठी कोणाचे अक्षर बदलावे लागत नाही. ते शिकावे मात्र लागते.