पाहुणे फार, विहीर एक

यंदाच्या वैशाखात मुलानातवंडांसह मालवणास जाण्याचा योग आला. आमचे मूळ घर मंठाळचे, बसवकल्याण तालुक्यातील. आमच्या वाडवडिलांनी समुद्र पाहिला असेल तो रामेश्वराच्या यात्रेत. नुसती हवा खाण्यासाठी व पाण्यात डुंबण्यासाठी किनाऱ्यास जाणे ही चाल अलीकडची. आता हैदराबादेतील आपल्या जुन्या मराठी घरांतूनही उन्हाळ्याची सुटी लागली की तारकर्ली, देवबाग ही नावे ऐकू येतात. म्हणूनच तेथे पाहिलेली एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

आम्ही उतरलो ते एका गाबीत कुटुंबाच्या घरी. दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या, जेवण घरचेच. पहिल्याच सकाळी घरच्या वहिनी संकोचाने म्हणाल्या, "पाणी वायच जपून वापरा हां. बाव तळाक गेली हा."

मी चकित झालो. आमच्या बीदर जिल्ह्यात वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. येथे तीन हजारांच्या वर. मग टंचाई कशी? उत्तर पायाखालीच होते. कोकणचा तांबडा जांभा सच्छिद्र. आषाढ-श्रावणात कोसळलेले पाणी तो पिऊन टाकतो आणि उतारावरून झऱ्यांवाटे लवकरच समुद्रास देऊन मोकळा होतो. हा दगड आम्हांस परका नाही. बीदरचा किल्ला याच जातीच्या दगडाचा. तेथे बहामनी काळात जांभा पोखरून भुयारी कालवे काढले आणि झिरपणारे पाणी वस्तीपर्यंत आणले. इकडे मालवणासमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. किती माणसे राहणार याआधी किती पाणी आहे, हे त्या काळच्या बांधणाऱ्यांनी पाहिले होते.

आज नेमका हाच हिशेब मागे पडला आहे. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाठोपाठ १९९८ मध्ये कोकण रेल्वे अखंड सुरू झाली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ आला. वाटा वाढल्या, विहिरी त्याच राहिल्या. त्यात गर्दीचा मोसम एप्रिल-मेचा, म्हणजे पाणी सर्वांत कमी तेव्हाच. देवबाग तर कर्ली नदी व समुद्र यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी. तेथे गोडे पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंपाने अधिक उपसा झाला की खारे वर चढते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. पाहुणा चार दिवसांनी परत जातो. ती विहीर घरधन्याच्या माथी राहते.

यावर कोणी म्हणेल, मग पाहुण्यांनी जाऊच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या या भागातील तरुण पोटासाठी मुंबई गाठत आले. आमच्या यजमानांचा मुलगा मात्र घरी राहिला आहे. पर्यटकांना होडीतून नेतो आणि पाण्याखालची प्रवाळे दाखवितो. हे पर्यटनाचेच देणे होय. प्रश्न एवढाच की पैसा अशा घरांत पोहोचतो की बाहेरच्या मोठ्या हॉटेलवाल्याच्या पेटीत. निवास-न्याहारीच्या घरात यजमान आणि पाहुणा एकाच विहिरीचे पाणी पितात, म्हणून तेथे "जपून वापरा" असे सांगणारे कोणी तरी असते. तरणतलावाच्या हॉटेलात ते सांगणार कोण?

सरकारनेही तेथील माणसांना विचारूनच पुढे पाऊल टाकावे. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. हेतू उत्तम, पण मच्छीमारांस ते आपले वाटले नाही आणि विरोध वर्षानुवर्षे धुमसत राहिला. त्यापासून धडा घेऊन नव्या हॉटेलास परवाना देण्याआधी मे महिन्यातील विहिरीची पातळी मोजावी, आणि ती गावासमक्ष मोजावी.

आपल्या हातीही काही आहे. सुटीचा हट्ट सोडता आला तर दसरा-दिवाळीच्या सुमारास जावे. झरे वाहते असतात, विहिरी भरलेल्या असतात, आणि यजमानाचे उत्पन्नही दोन महिन्यांत कोंबले जात नाही. भाद्रपदात गेल्यास समुद्र खवळलेला असेल, पण जांभ्याचे उघडे सडे रानफुलांनी भरलेले दिसतील.

१९७२ च्या दुष्काळात मंठाळच्या आमच्या घरी पाहुणा आला की आजी त्याच्यापुढे एक तांब्या ठेवी. हातपाय त्यातच, पिणेही त्यातच. पाहुण्यास ते लागत नसे, कारण त्याच्या घरीही तीच स्थिती. आमच्या शेजारच्या लातुरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हेही आपण विसरलेलो नाही. तहान पाहिलेल्या मुलखातील माणसाने दुसऱ्याच्या विहिरीवर कसे वागावे, हे त्यास कोणी शिकवावे लागू नये.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरची सवय लावून घेतली. माणशी एक बादली. निघताना वहिनींनी कोकमाची पिशवी हाती दिली आणि म्हणाल्या, "परत येवा." आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत.