गोळी चालू आहे, मग सुटलं कुठे?

परवा शनिवारी एका मित्राकडे गेलो होतो. त्याचा धाकटा भाऊ गेले सात महिने ब्राउन शुगरपासून लांब आहे. कामावर जातो, घरी जेवतो, आईशी भांडतो. सगळं नॉर्मल! तेवढ्यात त्यांचे एक काका म्हणाले, "अजून गोळ्या चालूच ना? मग सुटलं कुठे? एक नशा सोडून दुसरी धरली."

डोक्यात तिडीकच गेली.

कारण याच वाक्यापायी गेल्या वर्षी त्याची गोळी बंद झाली होती. 'क्लीन म्हणजे पूर्ण क्लीन', असं एका केंद्रात सांगितलं होतं. महिन्याभरात त्यानं पुन्हा माल घेतला, तोही जुन्याच मापात. शरीराची सवय मात्र मोडलेली होती. श्वास मंदावला. वेळेत हॉस्पिटल गाठलं म्हणून वाचला.

ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं तिथेच ही घट्ट बसते, पण काम अर्धंच करते. तलफ थांबते, अंग मोडून येणं थांबतं. एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही. दुसरं औषध नाल्ट्रेक्सोन. ते ती जागाच अडवून ठेवतं. पण सुरू करण्याआधी साधारण ७ ते १० दिवस अफूवर्गातलं काहीही घेऊन चालत नाही.

फ्रान्सनं १९९५-९६ च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली. १९९९ पर्यंत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी अहवालानुसार अफूवर्गाच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख आहेत. आणि आपण काय करतोय? गोळीला नावं ठेवतोय!

मान्य, या गोळीचाही गैरवापर होतो. लोक ती विरघळवून टोचून घेतात. म्हणूनच तिच्यात नॅलोक्सोन मिसळतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. समुपदेशनही हवंच. पण गैरवापर होतो म्हणून ज्याला गरज आहे त्याचीही बंद करायची, हा कुठला न्याय?

त्याच काकांची बीपीची गोळी गेली बारा वर्षं चालू आहे. त्यांना कुणी विचारतं का, "काका, बीपी सुटलं कुठे?"

असो. तुमच्या ओळखीत कुणी अशा गोळीवर असेल, तर ती कधी बंद करायची ते त्याला आणि त्याच्या डॉक्टरला ठरवू द्या. आपण फक्त विचारू या, "जेवलास का रे?"