वायरलेसची वायर

परवा आमच्या लीडने नवा वायरलेस चार्जर आणला. डेस्कवर ठेवला, मागे वायर खोचली, ती ॲडॅप्टरला, ॲडॅप्टर भिंतीला... आणि मग सगळ्यांना बोलावून म्हणाला, "बघा, वायर नाही!" मी काही बोललो नाही (अप्रेझल जवळ आलंय), म्हणून इथे लिहितोय.

मुळात यात नवीन काही नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवलं की त्यात वीज तयार होते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलं. पॅडमध्ये एक कॉइल, फोनच्या पाठीत दुसरी, मध्ये काही मिलिमीटर अंतर. फोन जरा तिरका पडला की संपलं, सकाळी बॅटरी १२ टक्के! 'कुठेही ठेवा, चार्ज होईल' असा एअरपॉवर पॅड ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर केला आणि मार्च २०१९ मध्ये गुंडाळला. शेवटी उपाय काय निघाला, तर लोहचुंबक. २०२० मध्ये आयफोनला आलेलं मॅगसेफ आणि २०२३ मध्ये त्याच वाटेने आलेलं 'ची२' स्टँडर्ड. म्हणजे फोन पॅडला चिकटवायचा. मग वायर काय वाईट होती?

वीज वाया जाते म्हणून ओरडणारेही आहेत. हिशेब करू. फोनची बॅटरी साधारण १७-१८ वॉट-अवर. रोज ५-६ वॉट-अवर वाया गेले असं धरलं तरी वर्षाकाठी २ युनिट. एक-दोन कटिंगचे पैसे! मुद्दा तो नाहीच. ती वाया गेलेली वीज उष्णता होऊन नेमकी बॅटरीच्या अंगाला लागते आणि लिथियम-आयनला उष्णतेचं वावडं. एप्रिलातल्या दुपारी, जाड कव्हर घालून पॅडवर ठेवलेल्या फोनला हात लावून बघा. फोन स्वतःच घाबरून चार्जिंगचा वेग कमी करतो. १५ वॉट मग खोक्यावर छापण्यापुरते.

मग हे तंत्र टाकाऊ का? अजिबात नाही. जिथे भोक नको तिथे ते हवंच. इलेक्ट्रिक टूथब्रश घ्या, पाणी आत जायला वाटच नाही. किंवा कॉक्लिअर इम्प्लांट. कानामागे त्वचेखाली बसवलेल्या भागाला वीज आणि आवाजाचे सिग्नल दोन्ही बाहेरच्या कॉइलमधून, त्वचेच्या आरपार जातात. तिथे पिन खोचणार कुठे, डोक्यात?

आणि तिसरी माझी आई. तिला संधिवात आहे. दोनदा तिचा फोन बंद लागला तेव्हा 'चार्ज करायला काय होतं गं तुला' म्हणून मी चिडलो होतो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बघितलं, टाइप-सीची पिन बसवायला तिला पाच-पाच मिनिटं लागतात. शेवटी ती बाबांना हाक मारते. बाबा नसले की फोन तसाच.

आता गंमत बघा. तिच्या बारा हजारांच्या फोनमध्ये कॉइल नाही. त्या किमतीत ती देतच नाहीत, महागड्या मॉडेलांत देतात. ज्यांची बोटं ठणठणीत आहेत अशा आमच्या लीडसारख्यांना! आणि मलाही. माझ्या फोनात कॉइल आहे आणि मी तो वायरनेच चार्ज करतो.

असो. पुढच्या शनिवारी आमच्या फोनांची अदलाबदल आहे. पॅड घेतलाय. फोन नेमका कुठे ठेवायचा ते कळावं म्हणून तिच्या टेबलावर टेपची चौकट करून देणार आहे.